कॅप्टन मागं फिरला हुता

दादासोला खुर्ची दिली तर तो तिच्या पाठीला धरून उभा राहतो. चहा दिला तर दोन घोट घेऊन कप खिडकीत ठेवतो, आणि तो गार झाल्यावर 'ताई, च्या मिळतोय का न्हाई तुमच्यात' असं वर मलाच विचारतो. उजव्या हाताच्या बोटात एका गाडीची किल्ली सारखी फिरत असते. तिच्या खुळखुळण्याने डोकं उठतं. ती किल्ली ज्या टेम्पोची आहे तो टेम्पो आता नाही, हे मला फार उशिरा कळलं. तोंडावर मी दादासोला अहोजाहो करते. लिहिताना मात्र ते जमत नाही. इतका जीव खाणारा माणूस एकेरीतच बरा वाटतो.

माझं साताऱ्यात चष्म्याचं दुकान आहे, माहेर वाईचं. दादासो आटपाडीकडचा, मेंढपाळाच्या घरातला. आता घरी थोडी मेंढरं, थोडी डाळिंबं, आणि हा दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. सांगलीच्या नाहीतर लोणंदच्या बाजारात माल पोचवायचा आणि परत फिरायचं. आमची दोघांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. ती पडली 'बिजली दस्ता'मुळे.

आम्ही लहान असताना दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही हिंदी मालिका लागायची. डाकूंच्या मागावर असलेली पाच जणांची तुकडी, एक खटारा जीप, आणि कपाळावरची आठी कधी न हलू देणारा त्यांचा कॅप्टन. स्फोट झाला की पुठ्ठ्याचे दगड उडायचे आणि आम्ही श्वास रोखून धरायचो. आता फेसबुकवर तिच्या चाहत्यांचा गट आहे. सातारा-सांगलीकडचे आम्ही काही जण अधूनमधून माझ्या दुकानाच्या माडीवर जमतो आणि या वयाला शोभणार नाही इतक्या तावातावाने भांडतो. जीप डावीकडून वळली की उजवीकडून, यावरून आमच्यात अबोले झालेले आहेत.

सगळ्यात मोठं भांडण 'पूल' नावाच्या भागाचं. त्यात हवालदार मंगल पाय मोडून नदीच्या पलीकडे पडतो. तुकडी अलीकडे आलेली असते आणि पुलाला सुरुंग लागलेले असतात. कॅप्टन जीपमध्ये बसतो. आरशात बघतो. आरशात लांबवर पडलेला मंगल दिसतो. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढे काय झालं, यावर गटात उभे दोन तट होते.

"कॅप्टन मागं फिरला," दादासो सांगायचा. सांगताना माडीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचा. "पुलावरनं न्हाई. पूल उडणार ते त्याला ठावं हुतं. वरच्या अंगाला एक मेंढपाळ कळप पाण्यात घालत हुता. म्होरका बकरा शिरला, त्याच्या मागनं समदी मेंढरं. कॅप्टननं वळकलं, उतार हितं हाय. घातली जीप मेंढरांच्या मागं. आन मंगलला असा उचलला."

'असा' म्हणताना तो जरा वाकायचा, मानेवर काही जड घेतल्यासारखा, आणि दोन्ही मुठी छातीसमोर घट्ट धरायचा.

"दादासो, चंबळच्या खोऱ्यात मेंढरं कुठून आली?" हे विचारणारा अनीश, माझ्या बहिणीचा मुलगा. मालिका लागायची तेव्हा हा जन्मलाही नव्हता. पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो आणि जुन्या मालिकांच्या कॅसेटी गोळा करायचं खूळ डोक्यात घेऊन बसलाय. "माझ्या बाबांना आठवतंय, एकही मेंढरू नव्हतं. पूल उडतो आणि भाग संपतो."

"तुझे बाबा च्या प्यायला उठले असतील."

"आणि तुम्ही काय, मेंढरं मोजत होता?"

"मोजली न्हाईत, पर हुती." मग दादासो फोन काढायचा आणि गटावरची उत्तरं वाचून दाखवायचा. कोइमतूरचा एक जण लिहीत होता, मेंढरं होती, मला चांगलं आठवतंय. लुधियानाचा एक, कोचीचा एक. "बगा की. देशभरातली माणसं खोटं बोलत्यात व्हय?" मालिकेच्या मूळ टेपा कुणाकडेच नव्हत्या, त्यामुळे भांडण मिटायची भीती नव्हती.

मला विचाराल तर मला एवढंच आठवत होतं की तो भाग संपल्यावर मी रडले होते, आणि आईने विचारलं तेव्हा डोळ्यांत शिकेकाई गेली म्हणून सांगितलं होतं. रविवार नहायचा वार, ते खपून गेलं. पण रडले ते मंगल वाचला म्हणून की मेला म्हणून, हे काही केल्या आठवेना. लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून दुकान थाटलेल्या बाईची ही तऱ्हा.

दादासो या भागासाठी इतका का पेटतो, हे मला सांगलीत कळलं. एकदा आम्ही तिकडे जमलो होतो आणि तो मला नदीवर घेऊन गेला. कृष्णा तेव्हा अगदी गरीब गाईसारखी वाहत होती. दादासो काठावर येरझाऱ्या घालत होता, बोटात किल्ली.

त्या मोठ्या पुरात तो आणि त्याचा लहानपणापासूनचा दोस्त धुळा, दोघं टेम्पो घेऊन नदीकाठच्या एका गावात पाहुण्यांना बाहेर काढायला गेले होते. माणसं भरली, बोचकी भरली. गोठ्यातली म्हैस सोडतो आणि मागनं येतो, असं म्हणून धुळा थांबला. दादासोने टेम्पो उंचावर आणला. उतरलेल्या माणसांनी सांगितलं, आता परत जाऊ नको, रस्त्यावर पाणी आलंय, होडी येईल तेव्हा येईल. दादासोने आरशात बघितलं आणि टेम्पो फिरवला.

धुळा गोठ्याच्या छपरावर सुखरूप सापडला. टेम्पो मात्र पाण्याने भिंतीवर नेऊन आदळला. दादासोचा गुडघा मध्ये सापडला आणि कायमचा अधू झाला. तो पाय पसरून बसला की कळ येते. तो बसत का नाही, त्याचं निम्मं उत्तर हे.

उरलेलं निम्मं उत्तर म्हणजे नानासो. दादासोचा थोरला भाऊ. टेम्पो दोघांचा होता, अर्धा कळप विकून घेतलेला. नानासो दवाखान्यात आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "धुळाला पवता येतंय. त्यो छपरावर बसला असता, होडी आली असती. तू कशापायी गेलास?" दादासोला सुचलं ते भलतंच. "कॅप्टन मागं फिरला हुता," तो म्हणाला.

"टीव्ही बगून गाडी घालवली माझ्या भावानं," असं नानासो त्या दिवसापासून गावभर सांगत होता. दोघं एका घरात राहतात, एका ताटलीतली भाकरी मोडतात, पण बोलणं कामापुरतं उरलं होतं. आणि धुळा, जो जन्मभर त्या घरात पोरासारखा वावरला, तो पुरानंतर उंबऱ्याच्या आत आलेला नव्हता. नानासोपुढे त्याचं नावही कुणी काढत नसे.

"ताई, त्यो भाग एकदा घावला पायजे," दादासो नदीकडे बघत म्हणाला. "नानाला एकदा दाखवायचाय. मग त्यानं काय बी म्हणू द्या."

मला वाईट वाटलं आणि रागही आला. एका मालिकेच्या खांद्यावर माणसाने एवढं ओझं द्यावं कशाला? पण असं त्याला सुनवायला जीभ रेटली नाही.

आणि गेल्या श्रावणात तो भाग सापडला.

इंदूरच्या कुणा गृहस्थाने तेव्हा घरी व्हिडिओवर उतरवून ठेवला होता. अनीशने ती कॅसेट मिळवली. गटावर नुसता धुरळा उडाला. आपण सगळ्यांनी रविवारी माडीवर एकत्र बघायचा, असं ठरलं आणि दादासोचे फोन सुरू झाले. मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर भिंग धरलेलं असताना फोन, जेवताना फोन. "ताई, माझ्याबिगार बगू नका." "ताई, करंट जाणार न्हाई न्हवं रविवारी?" तिसऱ्या की चौथ्या फोनला म्हणाला, "नानाला घेऊन येतोय. यायला तयार झालाय. म्हणला, एकदाचं बगून टाकू."

त्याच संध्याकाळी अनीशचा फोन आला. आवाजावरूनच मला कळलं.

"मावशी, मी बघितला. दादासोंना नको बोलावू."

"का?"

"कॅप्टन मागे फिरत नाही. आरशात बघतो, मंगल हात वर करतो, जीप सुरू होते. मागे पूल उडतो. संपलं." मग जरा थांबून म्हणाला, "मेंढरं तर नाहीतच."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. एका माणसाला दुसऱ्याचाच चष्मा बांधून दिला. कॅसेट खराब निघाली म्हणून सांगायचं, असं एकदा ठरवलं. फोन हातात घेतला आणि ठेवला. मनात आलं, खोटं सांगितलं तर हा उभा जन्म त्या आरशात बघत राहील. लगेच मनात आलं, खरं दाखवलं तर भावासमोर याची मान खाली जाईल, आणि ती आपल्या माडीवर जाईल. शेवटी मी काहीच केलं नाही. माणसं याला निर्णय म्हणतात. मला तो भित्रेपणा वाटतो.

रविवारी दोघे भाऊ आले. नानासो पांढऱ्या टोपीतला, सावकाश बोलणारा, मोठा शांत माणूस. त्याचा राग राग करावा अशी माझी तयारी होती, तीही त्याने होऊ दिली नाही. दिलेल्या खुर्चीवर बसला, दिलेला चहा प्यायला. दादासो भिंतीला टेकून उभा. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

अनीशने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली आणि त्याने भाग लावला.

चित्र फिकट झालं होतं, वरच्या बाजूला पट्टे येत होते, पण जीप तीच होती. मंगल पडला. कॅप्टन जीपमध्ये बसला. किल्लीचा खुळखुळाट थांबला, म्हणून मी मागे बघितलं. दादासोच्या ओठांची हालचाल चालली होती. पुढचं त्याला तोंडपाठ होतं.

कॅप्टनने आरशात बघितलं. मंगलने हात वर केला. जीप सुरू झाली आणि पुढे गेली. मागे धूर उठला, पुठ्ठ्याचे दगड उडाले, आणि तेव्हा मला चाळीस वर्षांपूर्वीचं माझं रडू आठवलं. मंगल मेला म्हणूनच मी रडले होते.

दादासो पडद्याजवळ गेला, जणू बाजूने वाकून बघितलं तर मेंढरं दिसतील. "पुन्यांदा लाव," तो म्हणाला. अनीशने लावला. पुन्हा तेच झालं.

नानासो उठला. मला वाटलं, आता हा बोलणार. पण त्याने फक्त टोपी नीट केली. "चला. जनावरं वाट बगत असतील," एवढंच म्हणाला. ते ऐकून मला त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं वाटलं.

"आईनं बगितलाय," दादासो एकदम म्हणाला. "माझ्यासंगं बसली हुती. शाळेच्या खोलीत, पंचायतीच्या टीव्हीम्होरं. तिला इचारतो. ह्यो भाग कुणी तरी कापलाय."

म्हातारीला फोनवर ऐकू येत नाही. दादासो तसाच जिना उतरायला लागला; अशा माणसाच्या हातात गाडी द्यायची सोय नव्हती. अनीशने आपली गाडी काढली. मीही दुकानाला कुलूप लावून निघाले. कशाला निघाले? घरी बसवलं नसतं, दुसरं काय.

रहिमतपूर, औंध, मायणी. नानासो पुढे, दादासो माझ्या शेजारी, गुडघा चोळत. औंधजवळ अनीश आरशातून मला म्हणाला, "मावशी, मी काल त्या सगळ्यांची नावं बघितली. कोइमतूर, लुधियाना, कोची. सगळे गलाईवाले आहेत."

नानासोने मान वळवली. "मग आमच्याकडचीच की ती पोरं. सोनं-चांदी गाळायला तिकडं गेल्यात. कोइमतूरचा तर आमच्या वस्तीवरचा."

देशभरातली माणसं म्हणून दादासो ज्यांची साक्ष काढत होता, ती सगळी त्याच एका शाळेच्या खोलीत मांडी घालून बसलेली पोरं होती. हे दादासोच्याही ध्यानात आलं असावं. तो वस्ती येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

धोंडुबाई, म्हणजे या दोघांची आई, अंगणात घोंगडीवर बसून मटकी निवडत होत्या. एवढ्याशा, वाळलेल्या, पण डोळे लख्ख; माझ्या धंद्याला काही उपयोगाच्या नाहीत. दादासो त्यांच्यासमोर उभा राहिला आणि पाणीही न पिता विचारता झाला.

"आये, त्या पुलाच्या भागात कॅप्टन मागं फिरला हुता का न्हाई?"

"फिरला की."

"तू बगितलास?"

"बगतीय कशी? करंट गेलता न्हवं."

म्हातारीने मटकीतला खडा काढून लांब टाकला.

"त्यो आरशात बगत हुता आन करंट गेला. पोरं आ वासून बसलेली. मास्तर म्हणला, जावा आता घरी. म्या म्हणलं, जावा कसं? ओवी असू द्या न्हाईतर तुमचा टीव्ही, लावलेली गोष्ट अर्धी टाकून उठत न्हाईत. उठलं की कळपातलं एक मेंढरू चुकतंय. मग म्या सांगितली. आदी गायली, मग सांगितली, तुझा आजा सांगायचा तशी."

मेंढपाळांच्या घरची ही रीत मी ऐकून होते. आधी गायचं, मग तेच गद्यात, हातवारे करून, डोळ्यांसमोर उभं राहील असं सांगायचं. समोर तो काळा पडलेला टीव्ही. पोरं त्याच्याकडेच बघत ऐकत राहिली असतील. चाळीस वर्षं त्यांना त्या काळ्या काचेत नदी दिसत होती, जीप दिसत होती.

"म्हंजी मेंढरं तू घातलीस," दादासो म्हणाला.

"मग? नदीला उतार कुठं हाय ते मेंढरांबिगार कुणाला कळणार? त्या तुझ्या कॅप्टनला?"

अनीशला हसू आलं. ते त्याने खोकल्यात घातलं. दादासो मात्र खांबाला धरून उभा होता आणि त्याचा चेहरा मला बघवेना. कॅप्टनही गेला होता आणि मेंढरंही गेली होती. भावाने म्हटलं होतं ते खरं ठरलं होतं, नव्हे, त्याहून वाईट. टीव्ही बघूनसुद्धा नव्हे, तर न बघून त्याने गाडी घालवली होती.

तेव्हा नानासो बोलला. तो आईच्या समोर जाऊन उकिडवा बसला होता. मालिका चालली त्या वर्षी तो शाळेसाठी परगावी होता, त्याने ही गोष्ट कधी ऐकलीच नव्हती.

"आये, तू त्याला मागं कशाला फिरवलास? बाकीची माणसं बाहीर आली हुती की."

म्हातारीने हातातलं सूप खाली ठेवलं. या प्रश्नाचंच तिला नवल वाटलेलं दिसलं.

"नाना, तू तुझ्या बापासंगं मेंढरं घेऊन कोकणात उतरलायस. एक मेंढरू लंगडत मागं ऱ्हायलं तर तुझा बा काय करायचा?"

नानासोने पुढ्यातली काडी उचलून मोडली.

"सांग की."

"जायाचा मागं."

"आन?"

"मानंवर घेऊन यायचा." बोलता बोलता नानासोच्या दोन्ही मुठी छातीसमोर आल्या. दादासो माझ्या माडीवर धरायचा, अगदी तशाच. त्याचं त्यालाच ते दिसलं आणि त्याने हात खाली घेतले.

"एकापायी समदा कळप खोळंबायचा," म्हातारी म्हणाली. "कुणी बोलायचं का त्याला?"

"न्हाई."

"मग." तिने सूप पुन्हा उचललं. "टीव्हीत काय दाखवलं म्हणं?"

दादासो खांब सोडून पुढे आला. "सोडून गेला, आये."

"मेला त्यो हवालदार?"

"व्हय."

धोंडुबाईंनी थोडा विचार केला. "मग चुकलं त्यांचं," त्या म्हणाल्या आणि मटकी पाखडायला लागल्या.

नानासो गुडघ्यावर हात टेकून उठला. दादासोकडे न बघता, मेंढरांच्या वाघुरीकडे, त्या जाळीच्या कुंपणाकडे बघत म्हणाला, "धुळा कुठं असतोय आज?"

दादासोला आधी प्रश्न कळलाच नाही. "असंल घरी. का?"

"पावणी आल्यात. त्याला बी बोलव जेवायला."

दादासोने हातातली किल्ली माझ्याकडे दिली आणि फोन शोधायला लागला. पँटचे खिसे तपासले, घोंगडीखाली बघितलं, गाडीत बघून आला. फोन त्याच्या शर्टाच्या खिशातच होता. मग तो फोन तिथेच ठेवून, अधू गुडघ्याने लंगडत, धुळाच्या घराकडे स्वतःच निघाला.